कुंपणातल्या जागा शेजाऱ्यांच्या हाती द्या
पुण्याच्या महापालिका आयुक्तांना खुलं पत्र

माननीय आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे.



पुण्याच्या अनेक भागांत पत्र्याच्या कुंपणाआड पालिकेच्या ताब्यातले भूखंड पडून आहेत. कागदावर त्यांना अ‍ॅमेनिटी स्पेस म्हणतात. त्यांच्याबद्दल आपल्याला जाहीरपणे लिहिते आहे, कारण या जागांचं काय करायचं हा एकट्या मालमत्ता विभागाचा प्रश्न नाही. मागणी सरळ आहे. ज्या जागेवर येती काही वर्षं शाळा, दवाखाना किंवा मंडई उभी राहणार नाही, ती जागा तोवर शेजारच्या वस्तीला आणि सोसायट्यांना मिळून भाजीपाला पिकवायला द्या. लेखी कराराने द्या. करारात मुदत असू द्या, पाण्याची सोय असू द्या आणि वस्तीचा वाटा स्पष्ट शब्दांत लिहिलेला असू द्या.

या जागा कुणी दान दिलेल्या नाहीत. मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना ठरावीक हिस्सा सार्वजनिक सोयींसाठी पालिकेकडे सोपवायचा, हा नियमच आहे. भोवतालच्या इमारतींत ज्यांनी घरं घेतली त्यांनी एका अर्थी या जागांचेही पैसे मोजले आहेत. २०२१ साली त्या दीर्घ मुदतीच्या भाडेकरारानं खासगी संस्थांना देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शहरातल्या नागरिक संघटनांनी कडाडून विरोध केला. तो विरोध योग्यच होता. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनं अशा जागा सोडण्याचं प्रमाण कमी केलं होतं. म्हणजे आज हाती आहे ते पुन्हा मिळणारं नाही. पण ‘भाड्यानं देऊ नका’ एवढं म्हणून विषय संपत नाही. वापरात नसलेल्या जागेला शहरात मालक पुष्कळ मिळतात. आधी राडारोड्याचा ट्रक येतो, मग गाजरगवत वाढतं, मग पावसाळ्यात डास, मग एखादी टपरी, मग टपरीमागे शेड. ज्या जागेत रोज संध्याकाळी पाच-दहा माणसं पाणी घालायला येतात, तिथे यातलं काही सहज घडत नाही.

शेती हाच उपयोग का, असं आपण विचाराल. बाग, व्यायामशाळा, विरंगुळा केंद्र यांच्या मागण्या आपल्याकडे रोज येत असतील. त्या सगळ्यांना बांधकाम लागतं, बांधकामाला निविदा लागते आणि एकदा छप्पर चढलं की जागा पुन्हा मोकळी होत नाही. भाजीच्या वाफ्यांना छप्पर लागत नाही. ज्या दिवशी पालिकेला तिथे दवाखाना बांधायचा असेल, त्या दिवशी मेथीची जुडी काढून जागा परत करता येते. तात्पुरत्या वापरासाठी याहून सोपा वापर मला तरी माहीत नाही.

दुसरं कारण या शहराच्या वाढीत आहे. १९९७ साली आसपासची गावं पालिकेत आली, २०१७ साली आणखी अकरा आली, २०२१ साली आणखी तेवीस. हडपसर, मुंढवा, मांजरी या पट्ट्यानं पुण्याला कितीतरी वर्षं भाजी पुरवली आहे; मांजरीच्या उपबाजारात आजही शेतकरी स्वतःचा माल स्वतः विकतात. ज्या जमिनीवर आपण टॉवर उभे केले, त्या जमिनीवर राबलेली माणसं अजून शहरातच आहेत. कुणी सोसायटीच्या फाटकाशी रखवालदार आहे, कुणी घरकाम करते. शेतीचं ज्ञान पुण्यात बाहेरून आणावं लागणार नाही.

हे ज्ञान सर्वांत जास्त कुणाकडे आहे, त्याकडे मी आपलं लक्ष मुद्दाम वेधते. पुण्यातला कचरा वेचणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणींची कुटुंबं १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूरकडून इथे आली. गावाकडे जमीन नव्हती किंवा होती ती पिकत नव्हती. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणं हाच पिढ्यांचा व्यवसाय. डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळानं १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. याच बायकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पालिकेनं २००८ साली करार केला आणि दारोदारचा कचरा गोळा करण्याचं काम त्यांच्याकडे आलं. पुण्यानं देशाला दाखवून दिलेली ही गोष्ट आहे: रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या बाईशी पालिका लेखी करार करू शकते. मी मागते आहे तो करार याच जातीचा आहे.

मी ज्या भागात राहते तिथे एका संस्थेची मोकळी जागा होती. संस्थेचं नाव घेत नाही. सोसायट्यांतली काही निवृत्त मंडळी आणि ओढ्यालगतच्या वस्तीतल्या बायका यांनी मिळून तिथे वाफे केले. सुरुवातीला सोसायटीवाले पुस्तकं वाचून येत आणि वस्तीतल्या बायकांना काम सांगत. लवकरच हे उलटं झालं. बीडकडची एक आजी होती. अंबाडी कधी खुडायची, वालाचा वेल कुठे चढवायचा, घोसाळ्याला मांडव किती उंच हवा, मुळ्याच्या शेजारी काय लावायचं, हे ती हात लावून दाखवायची. आमच्यातले एक निवृत्त अभियंते तिच्या मागे वही घेऊन फिरत. त्या मंडळींपैकी कुणी त्याआधी वस्तीत पाऊल टाकलेलं नव्हतं आणि वस्तीतल्या बायका सोसायटीत शिरल्या त्या कामाच्या दारानंच. वाफ्यावर मात्र दोघांचेही हात सारख्याच चिखलात असत. भाजी वाटून घ्यायची वेळ आली की भांडणंही झाली. पण ती बरोबरीच्या माणसांची भांडणं होती, आणि याआधी तीही कधी झाली नव्हती.

मग संस्थेचं विश्वस्त मंडळ बदललं. परवानगी तोंडी होती. एके दिवशी फाटकाला नवं कुलूप दिसलं, आत दोडका लगडलेला. कुणाकडे कागद नव्हता, म्हणून कुणाला विचारताही आलं नाही. संस्थेनं कायद्याबाहेर काही केलं असं मी म्हणत नाही; पण त्या आजीनं त्यानंतर कुठल्याही बैठकीला यायला साफ नकार दिला. तिचं म्हणणं होतं, दुसऱ्याच्या रानात राबायचं तर मजुरी तरी मिळते. या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर पालिकेकडे आहे, म्हणून हे पत्र.

आयुक्त महोदय, शहरी शेतीचे बहुतेक प्रयोग बियाण्यांअभावी किंवा उत्साहाअभावी मोडत नाहीत, ते जागेच्या अनिश्चिततेमुळे मोडतात. न्यूयॉर्कमध्ये हेच घडलं. १९७३ साली मॅनहॅटनच्या दक्षिण भागात बावरी आणि ह्यूस्टन रस्त्यांच्या कोपऱ्यावर लिझ क्रिस्टी आणि त्यांच्या सोबत्यांनी पडीक भूखंडातला राडारोडा उपसून बाग केली. ते दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरचं शहर होतं. घरमालक इमारती सोडून जात होते, जळक्या इमारतींच्या जागा ओस पडत होत्या. शेजाऱ्यांनी अशा शेकडो जागा लागवडीखाली आणल्या आणि १९७८पासून पालिकेनंही ‘ग्रीनथम्ब’ कार्यक्रमातून त्या नाममात्र भाड्यानं द्यायला सुरुवात केली. या बागांमुळे गल्ल्या राहण्याजोग्या झाल्या. गल्ल्या राहण्याजोग्या झाल्या म्हणून जमिनीचे भाव चढले. भाव चढले म्हणून १९९९ साली महापौर जुलियानी यांच्या प्रशासनानं शंभराहून अधिक बागा लिलावात काढल्या. आंदोलनं झाली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि शेवटच्या क्षणी ट्रस्ट फॉर पब्लिक लँड आणि अभिनेत्री बेट मिडलर यांची संस्था यांनी पैसे उभे करून त्या बागा विकत घेतल्या. पुण्यात अशा वेळी धावून येणारं कुणी असेल यावर मी विसंबणार नाही. ज्या माणसांनी वस्ती सावरली त्यांनाच ती सावरल्याची किंमत मोजावी लागू नये, याची तजवीज पहिल्या दिवशीच्या कागदात करावी लागते.

मला अधिक जवळचं वाटतं ते अर्जेंटिनातलं रोसारियो. २००१च्या आर्थिक कोसळण्यात त्या औद्योगिक शहरात कारखाने बंद पडले, लोकांच्या हाताला काम उरलं नाही आणि घरात अन्नही उरलं नाही. २००२ साली पालिकेनं शहरी शेतीचा कार्यक्रम सुरू केला, पण एकटीनं नाही. बियाणं आणि मार्गदर्शन देणारा राष्ट्रीय पातळीवरचा ‘प्रो वेर्ता’ कार्यक्रम आणि वस्त्यांत आधीपासून काम करणारी एक स्वयंसेवी संस्था हे त्यात भागीदार होते. पहिलं मोठं काम कोणतं केलं असेल? शहरातल्या रिकाम्या जागांची नोंद. विद्यापीठाच्या मदतीनं कोणती जमीन कुणाची, तिथे पाणी आहे का, माती कशी आहे, याची मोजदाद झाली. मग त्या जागा वापरण्याचा हक्क पिकवणाऱ्यांना देण्यात आला, विक्रीसाठी शहरातच आठवडी बाजार भरवले गेले आणि पुढे शेतीची जागा शहराच्या नियोजनातच धरली गेली. संकट सरलं तरी कार्यक्रम चालू राहिला. जवळपास वीस वर्षांनी, २०२१ साली, शहरांच्या परिवर्तनासाठी दिला जाणारा वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटचा पुरस्कार रोसारियोला मिळाला. महापौर बदलले, आयुष्यं बदलली, नोंदवही टिकली. पुण्यात अशी नोंदवही तयार करायला आपल्याला नवा विभागही लागणार नाही.

आपल्याकडे तंत्रज्ञानाची वाण नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि पालापाचोळा, सूर्यप्रकाश आणि थोडं पाणी यांतून थोड्या जागेत एका कुटुंबापुरतं कसं पिकवता येईल, याचं शास्त्र सामान्य शेतकऱ्यांच्या हाती दिलं. त्याच पद्धतीनं प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून माती तयार केली आणि त्या मातीत भाज्या, फळझाडं वाढवली. सिमेंटच्या गच्चीवर जे जमतं ते जमिनीवर जमायला हरकत नाही.

पुण्यात तर कच्चा माल पडून आहे. घनकचरा नियमांनुसार मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा आहे. गांडूळखत प्रकल्प असेल तर पालिका मिळकतकरात सवलतही देते. पण खत तयार झालं की ते टाकायचं कुठे, हा सोसायट्यांचा नेहमीचा रडका प्रश्न. चार कुंड्या आणि एक हिरवळ किती खत पचवणार? मग प्रकल्प नावापुरता उरतो आणि ओला कचरा पुन्हा गाडीत जातो. पानगळीत झाडलोटीचा पाला जाळू नका म्हणून सांगावं लागतं. तो पाला पोत्यात भरून ज्यांना हवा त्यांच्यापर्यंत पोहोचवण्याचं काम ‘ब्राऊन लीफ’सारखी नागरिकांची चळवळ पुण्यात करतेच आहे. एकीकडे खत आहे, जमीन नाही. कुंपणापलीकडे जमीन आहे, खत नाही. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी या शहराच्या कचऱ्याची दुर्गंधी आणि नासलेल्या विहिरी किती वर्षं सोसल्या, हे आपल्या कार्यालयातल्या फायलींत आहेच. ओल्या कचऱ्याची जी बादली आपल्याच पेठेत, आपल्याच वाफ्यात जिरेल ती कुणाच्या गावाच्या वेशीवर जाणार नाही. आणि ते खत करण्याचं, चाळण्याचं काम ‘स्वच्छ’च्या सभासदांना मोबदला देऊन मिळालं, तर त्यांच्या मिळकतीलाही हातभार लागेल.

आता आपल्या कार्यालयातून येणाऱ्या शंकांबद्दल. त्या खऱ्या आहेत.

पहिली शंका अतिक्रमणाची. आज भाजी, उद्या देऊळ, परवा मंडळाचं कार्यालय, ही भीती बिनबुडाची नाही. असं झालेलं आपण सर्वांनी पाहिलं आहे. म्हणूनच करार हवा. त्यात पक्कं बांधकाम नाही, मूर्ती नाही, कुणाच्या नावाचा फलक नाही, पोटभाडेकरू नाही, असं स्पष्ट लिहा. फाटकाची एक किल्ली क्षेत्रीय कार्यालयात ठेवा. दरवर्षी जागेची मोजणी करा आणि ती जाहीर करा. मात्र अकरा महिन्यांचा करार करू नका. पडीक, सिमेंट मिसळलेली जमीन पिकती व्हायलाच एक-दोन पावसाळे जातात. अकरा महिन्यांच्या करारावर पालक लावता येईल, शेवगा लावायला कुणी धजणार नाही. किमान पाच वर्षं द्या. जागा परत हवी असेल तर सहा महिने आधी नोटीस आणि उभं पीक काढून घेण्याची मुभा द्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ मिळकतीच्या विल्हेवाटीबद्दल आहे आणि त्याची चौकट आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. त्या चौकटीत राहून नागरिक गटांना नाममात्र शुल्कात वापर-परवाना कसा देता येईल, हे आपल्या विधी विभागानं एकदा लिहून काढावं.

दुसरी शंका आरोग्याची, आणि तिच्याबाबत मी आपल्यापेक्षाही कडक आहे. नदीकाठी आणि ओढ्याकाठी सांडपाण्यावर वाढलेली पालेभाजी शहरात विकली जाते. हे प्रकल्प त्यात भर घालणारे नसावेत. जिथे राडारोडा पडला, रंगाचे डबे पडले, गॅरेजचं तेल सांडलं, तिथल्या मातीत शिसं आणि इतर जड धातू असू शकतात. म्हणून माती तपासल्याशिवाय बी पडता कामा नये. शिवाजीनगरला १९०७पासून कृषी महाविद्यालय उभं आहे. मातीची तपासणी आणि हंगामाचा सल्ला यांसाठी पालिका आणि महाविद्यालय यांच्यात रीतसर करार व्हावा. विद्यार्थ्यांना शहरातल्या शहरात प्रत्यक्ष कामाची जागा मिळेल. माती खराब निघाली तर जमिनीवर विटांचे उंच वाफे करून त्यात खतमाती भरता येते, किंवा तिथे फुलझाडं लावता येतात. पाणी विंधनविहिरीचं आणि लगतच्या इमारतींच्या छतावरून साठवलेलं पावसाचं असावं. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून येणारं पाणी झाडांना चालेल, कच्च्या खायच्या भाजीला नको. खडकवासल्याचं पिण्याचं पाणी मागायचा आमचा विचार नाही.

तिसरी गोष्ट शंका म्हणून येणार नाही, पण खरा धोका तिथेच आहे. असे प्रकल्प सोसायटीतल्या सुस्थित लोकांच्या हाती जातात. अर्ज कसा करायचा ते आम्हांला येतं, ईमेल आम्ही लिहितो, सकाळी अकराच्या बैठकीला आम्हांलाच सवड असते. वस्तीतली बाई त्या वेळी कुणाच्या तरी घरी भांडी घासत असते. वर्षभरात वाफे आमचे होतात आणि खुरपायला तीच बाई रोजंदारीवर येते. मग ती भागीदारी राहत नाही. हे टाळायचं तर निम्मे वाफे वस्तीतल्या कुटुंबांच्या नावे राखून ठेवण्याची अट हवी, समितीत वस्तीतल्या बायकांचं बहुमत हवं, बैठका कामावरून परतल्यानंतरच्या वेळी व्हायला हव्यात. आणि पिकवलेली भाजी विकण्याची परवानगी हवी. ‘फक्त घरगुती वापरासाठी’ ही अट वरवर निरागस दिसते. ती ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांच्यासाठीच सोयीची आहे. चार जुड्या कोथिंबीर फाटकावर विकून बाईच्या हाती रोकड येत असेल तर ती वाफा कोरडा पडू देणार नाही. शेजारच्या अंगणवाडीला आठवड्यातून काही भाजी द्यावी, एवढं बंधन मात्र जरूर घाला.

भाजीच्या वाफ्यांवर पुण्याचं पोट भरेल, असा दावा मी करत नाही. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रात्रभर गाड्या येतच राहणार. पण ज्या घरात महिनाअखेरीस भाजीवरच पहिली कात्री लागते, त्या घरात आठवड्यातून दोनदा ताजा शेपू, चुका, शेवग्याची पानं आली तर ताटात फरक पडतो. आणि ज्या गल्लीत अंधार पडल्यावर बायका त्या कुंपणाजवळून जायला घाबरतात, तिथे दिवा लागतो, माणसं उभी राहतात, मुलं मातीत खेळतात. वस्तीच्या सुधारणेचे मोठे आराखडे आपल्याकडे आहेत. त्यांना वर्षं लागतील. हे येत्या पावसाळ्यात होऊ शकतं.

भागीदारीचं जुनं उदाहरण या शहरातच आहे. एम्प्रेस गार्डन शतकाहून अधिक काळ अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही नागरिकांची संस्था सांभाळते आहे. जमीन सार्वजनिक, सांभाळ लोकांचा, ही पद्धत पुण्याला नवी नाही. ती आजवर एका मोठ्या बागेला लाभली, आता ती एखाद्या वस्तीशेजारच्या काही गुंठ्यांनाही लाभावी.

म्हणून नेमकं मागते. पालिकेच्या ताब्यात आलेल्या आणि येत्या पाच वर्षांत बांधकाम न होणाऱ्या अ‍ॅमेनिटी स्पेसची यादी क्षेत्रफळ आणि पत्त्यासह संकेतस्थळावर जाहीर करा. पंधराही क्षेत्रीय कार्यालयांच्या हद्दीत, वस्तीला लागून असलेली किमान एक जागा पहिल्या टप्प्यात निवडा. उद्यान, घनकचरा आणि मालमत्ता या तिन्ही विभागांसाठी एकच जबाबदार अधिकारी नेमा, नाहीतर अर्जदार तीन टेबलांमध्ये फिरत राहतील. २००६पासून पुणेकर अर्ज भरून अंदाजपत्रकात कामं सुचवत आले आहेत. त्या अर्जात कुंपण, पाण्याची टाकी आणि माती तपासणी यांसाठी एक रकाना वाढवा. आणि कराराचा मसुदा अंतिम करण्याआधी तो मराठीत छापून एकदा वस्तीत, संध्याकाळी, वाचून दाखवा.

मृगाच्या आधी यादी हाती आली तर या हंगामाची पेरणी साधेल. आमच्या भागातल्या बायकांची आणि सोसायट्यांची संयुक्त समिती अर्जासह तयार आहे. आपण वेळ द्याल त्या दिवशी आम्ही शिवाजीनगरला येऊ, फक्त ती वेळ संध्याकाळी सहानंतरची असावी.

आपली,
पुण्यातली एक नागरिक